वस्ती कुठं?

आबा नोव्हेंबरच्या अखेरीला आले. भात झोडून, पेंढा रचून झाल्याशिवाय निघणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "उन्हाळ्यात या, तेव्हा इकडं छान असतं," हे माझं दरवर्षीचं पालुपद. पण मे महिन्यात त्यांची राब भाजायची, बांध घालायची घाई असते, जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी. पोलादपूरच्या माणसाला इंग्लंड बघायचं असेल तर ते हिवाळ्यातच.

मँचेस्टरच्या विमानतळावरून लीड्सला येताना एम-६२ रस्ता पेनाइन्सचे डोंगर ओलांडतो. ब्रिटनमधला हा सगळ्यात उंचावरून जाणारा मोटरवे, माथ्यावर ३७२ मीटर. त्या रात्री तिथं दाट धुकं होतं. नवरा आणि लेक मागच्या सीटवर केव्हाच झोपले होते. आबा पुढं माझ्या शेजारी बसलेले, दिवसभराच्या विमानप्रवासानंतरही टक्क जागे. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की त्यांचा उजवा पाय पायाखालच्या मॅटवर दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता, पण पाय दर वेळी दाबला जात होता.

"झोपा की जरा, आबा. तासभर आहे अजून."

"गाडीत झोप लागत नाही मला."

मला ते ठाऊक होतं. महाड डेपोत त्यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. आंबेनळी घाट, वरंधा घाट, कोकणातल्या आडगावांच्या फेऱ्या. लहानपणी आम्ही लग्नाला वऱ्हाडाच्या गाडीतून जायचो तेव्हाही सगळी गाडी पेंगायची आणि आबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ताठ बसून रस्ता बघत असायचे. चाकं फिरत असताना डोळे मिटायचे नाहीत हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

नाताळच्या सुट्टीत त्यांना स्कॉटलंडला न्यायचं, आपल्याच गाडीनं, हे मी त्यांचं तिकीट काढलं तेव्हाच ठरवलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदी नकाशा पसरला. मोबाइल असताना हा कशाला, असं नवऱ्यानं विचारलं. पण आबांना रस्ता बोटानं चालवून बघायचा होता. शिवाय हायलँड्स म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख, तिथल्या कितीतरी दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे हा नकाशा गाडीतही लागणारच होता.

मी माझा बेत मोठ्या उत्साहानं सांगितला. नॉर्थ कोस्ट ५०० हा मार्ग २०१५ पासून खूप गाजतो आहे. इनव्हरनेसच्या किल्ल्यापासून निघायचं, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालायचा आणि पुन्हा तिथंच यायचं. ५१६ मैल, म्हणजे ८३० किलोमीटर. मी पाच दिवस धरले होते. रोज साधारण मुंबई–महाड एवढं अंतर. रोज नवा समुद्रकिनारा, नवा किल्ला, नवं मुक्कामाचं गाव.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वस्ती कुठं?"

मी पहिल्या दिवसाच्या गावाचं नाव सांगितलं.

"गाव नको सांगू. वस्तीला किती वाजता पोचणार? आणि अंधार कधी पडतो तिकडं?"

ज्यांना एसटीची वस्तीची गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळची शेवटची गाडी आडगावात जाते, रात्री तिथंच राहते आणि पहाटे गावातली दूधवाली, शाळेची पोरं, दवाखान्याला निघालेली माणसं घेऊन परत फिरते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत झोपतात, नाहीतर देवळात, शाळेच्या पडवीत. आबांच्या आयुष्यातली निम्म्याहून अधिक रात्रींची झोप अशी झाली. दिवसभर काय वाटेल ते होवो, वस्तीला गाडी पोचलीच पाहिजे. त्यामुळे त्यांचा सगळा हिशेब वस्तीपासून उलटा सुरू व्हायचा: तिथं किती वाजता पोचायचं, म्हणून शेवटचा घाट कधी चढायचा, म्हणून इथून कधी हलायचं. मी मात्र निघण्यापासून पुढं मोजत गेले होते आणि रात्र येईल तिथं येईल असं धरलं होतं.

अंधाराची वेळ काढून बघितली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिम हायलँड्समधल्या फोर्ट विल्यम गावी सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. पावणेसात तास. सकाळी अंघोळ, नाश्ता, काचेवरचा बर्फ खरवडणं यात साडेनऊ. वाटेत चहाला, पाय मोकळे करायला, एखादा धबधबा बघायला थांबलो तर चाक फिरायला उरतात जेमतेम चार तास. त्यात अरुंद रस्ते आणि पाऊस.

तेव्हा मी आबांना एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत घरी कुणालाच सांगितली नव्हती. इकडं आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात आम्ही दोघं भाड्याची गाडी घेऊन हायलँड्समध्ये गेलो होतो. मुक्कामाचं घर एका सरोवराच्या काठी, एकेरी रस्त्याच्या टोकाला. पोचायचं होतं चारला, पण वाटेत प्रत्येक वळणावर थांबून फोटो काढले. सहा वाजले तेव्हा मिट्ट काळोख, वायपर पुरा पडत नाही असा पाऊस, आणि वळण चुकलेलं. समोरून गाडी आली. रस्ता एका गाडीपुरता, त्यामुळे मला मागं जावं लागलं. दोनेकशे मीटर मी गाडी उलटी घेतली आणि शेवटी मागचं चाक रस्त्याकडेच्या मऊ, भिजलेल्या दलदलीत गेलं. समोरचा माणूस विजेरी घेऊन उतरला आणि त्यानं हातवारे करत आम्हाला बाहेर काढलं. आठ वाजता घरी पोचलो. आसपास एकही जेवणाची जागा उघडी नव्हती. एक सफरचंद आणि बिस्किटांचा अर्धा पुडा, एवढ्यावर रात्र काढली. सरोवर उजव्या हाताला किती जवळ होतं ते आम्हाला सकाळी दिसलं. त्यानंतर कितीतरी रात्री झोपताना मला ते काळं पाणी आठवायचं.

आबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "उलटी घेताना खाली उतरून मागं कोण उभं होतं?"

"कोणी नाही."

कंडक्टर खाली उतरून शिट्टी देईपर्यंत त्यांनी कधी रिव्हर्स टाकला नाही. ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग पेन्सिल मागितली आणि माझ्या पाच वस्त्यांपैकी चार खोडून टाकल्या.

त्या रात्रीपासून आमचा बेत उजेडाभोवती आखला गेला. मला वाटतं, हिवाळ्यात अशा ओल्या, थंड देशात गाडीनं फिरायचं तर दुसऱ्या कशाभोवती आखूही नये. पर्यटनाच्या याद्या किलोमीटरमध्ये आणि ठिकाणांमध्ये बोलतात. तिथला डिसेंबर मोजायचा तो उजेडाच्या तासांत. आणि तो उजेडही आपल्या ओळखीचा नसतो. त्या दिवसांत भर दुपारी फोर्ट विल्यमला सूर्य क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर असतो. त्याच दुपारी महाडला तो ४८ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेकडं गाडी चालवताना सूर्य दिवसभर डोळ्यांतच येतो, आणि रस्ता ओला असला की खालूनही चमकतो. काळा चष्मा हिवाळ्याच्या सामानात पहिला घेतला तो म्हणूनच. दुसऱ्या बाजूनं, तिथला सूर्य तिरका मावळतो, त्यामुळे संधिप्रकाश पाऊण तासभर रेंगाळतो. कोकणात सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत दिवेलागण होऊन जाते. तिकडं डोंगराच्या कडा निळ्या होत होत विझतात. तो पाऊण तास आम्ही प्रवासात धरलेला नाही. तो वस्तीच्या घराच्या खिडकीतून बघायचा आहे.

पावसाबद्दल आबांना फार समजवावं लागलं नाही. अटलांटिकवरून नैर्ऋत्येचे ओले वारे येतात, पश्चिमेच्या डोंगरांना आपटून वर चढतात, गार होतात आणि तिथंच रिकामे होतात. पश्चिम हायलँड्सच्या डोंगरांत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, आणि डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्याला गेलं की तो ७०० च्या आसपास येतो. मी पेन्सिलीनं डोंगराची रेघ काढली तशी आबा म्हणाले, "म्हणजे हे कोकण आणि हा देश." फोर्ट विल्यम घाटमाथ्याच्या अंगाला, एडिनबरा पुण्याच्या जागी. आणि खरंच, एडिनबरा आणि पुणे या दोन्ही शहरांत वर्षभरात साधारण सारखाच पाऊस पडतो, सातशे मिलिमीटरच्या आगेमागे. फक्त पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो. एडिनबरात तो बारा महिने थोडा थोडा वाटला जातो, म्हणून तिथली माती, भिंती आणि माणसांचे कोट कधी पूर्ण वाळल्यासारखे वाटत नाहीत.

स्कॉट लोकांकडे या ओलीसाठी त्यांचे स्वतःचे शब्द आहेत. 'ड्रीख' म्हणजे दिवसभर कोंदटलेलं, ओलं, उदास हवामान. 'स्मर' म्हणजे पडतोय की नाही कळू नये असा बारीक पाऊस. आबा म्हणाले, "ही तर भुरभुर." मग त्यांनी आणि माझ्या लेकीनं मिळून वहीच्या पानावर दोन रकाने केले. भुरभुरीसमोर स्मर. रिपरिप, झड, सर, संततधार यांच्यासमोरच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, तिकडं गेल्यावर लोकांना विचारून भरायला. लेक इथंच जन्मली. झड हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला.

एक गोष्ट मलाही नकाशा बघतानाच कळली. फोर्ट विल्यमच्या डोक्यावर उभा असलेला बेन नेव्हिस हा सगळ्या ब्रिटनमधला सर्वात उंच डोंगर. उंची १३४५ मीटर. महाबळेश्वर १३५३ मीटरवर आहे. आबा पोलादपूरहून आंबेनळी चढून रोज जिथं पाटी बदलायचे, चहा प्यायचे आणि परत फिरायचे ती उंची म्हणजे बेन नेव्हिसचा माथा. इथली माणसं त्या शिखरावर चढून आल्याचं आयुष्यभर सांगतात. मी हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग तिथं बर्फ कसा?" फरक अक्षांशाचा. फोर्ट विल्यम मॉस्कोपेक्षाही उत्तरेला आहे. तरी अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह आणि त्यावरून येणारे वारे तिथला हिवाळा सौम्य करतात. त्यांच्यामुळेच समुद्रकाठी बर्फापेक्षा पाऊसच जास्त पडतो, पारा दिवसा पाच-सात अंशांवर असतो आणि रात्री शून्याला टेकतो. गाडीवाल्याला छळतात ते नेमके हे आकडे. दिवसभर रस्ता भिजतो आणि रात्री तोच गोठतो.

घाटांच्या ओळखी अशा निघत गेल्या. हायलँड्समधले पहिले पक्के रस्ते १७२५ पासून पुढं जनरल वेडच्या हाताखाली सैनिकांनी बांधले, बंडखोर टोळ्यांपर्यंत फौज लवकर पोचावी म्हणून. आपल्याकडे बोर घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला केला तो गव्हर्नर जॉन माल्कम यांनी, ज्यांच्या नावावरून महाबळेश्वरची माल्कमपेठ. ते मूळचे दक्षिण स्कॉटलंडचे. "म्हणजे रस्ता आधी फौजेचा," आबा म्हणाले. स्कॉटलंडच्या अशाच फौजी रस्त्यावरचा एक जुना घाट 'रेस्ट अँड बी थँकफुल' या नावाचा, ग्लासगोच्या वायव्येला. रस्ता बांधणाऱ्या सैनिकांनी माथ्यावर दगड बसवून त्यावर हे शब्द कोरले: विसावा घ्या आणि आभार माना. आज तिथं मोठी अडचण आहे ती दरडींची. ऑगस्ट २०२० मध्ये अशी दरड आली की रस्ता दीर्घकाळ बंद पडला. मुख्य रस्ता बंद झाला की खालच्या जुन्या लष्करी रस्त्यानं गाड्यांची रांग एकामागोमाग सोडतात. उतारावर जाळ्या लावल्यात, दरड अडवायला खड्डे खणलेत. आबांनी त्याचे फोटो फार वेळ बघितले. जुलै २०२१ मध्ये आंबेनळी दरडींनी तुटला तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी नाक्यावर जाऊन घाट सुरू झाला का, ते विचारून यायचे.

एकेरी रस्त्यांचे नियम तर त्यांना आधीपासूनच येत होते. रस्ता एका गाडीपुरता, आणि दर काही अंतरावर बाजूला सरकायला जागा, तिथं पाटी. जागा आपल्या डाव्या हाताला असली तर आत शिरायचं. उजव्या हाताला असली तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला तिच्यात येऊ द्यायचं. तिथं गाडी लावून फोटो काढायला जायचं नाही. मागून स्थानिक माणसाची गाडी आली तर तिला पुढं जाऊ द्यायचं. चढणाऱ्याला आधी वाट. "आणि हात वर करायचा," आबांनी पुरवणी जोडली. घाटात समोरच्या ड्रायव्हरनं वाट दिली की हात वर करायचा. तिकडंही तसाच करतात. गाडी डाव्या बाजूनंच चालवायची असल्यामुळे आबांना सगळं अजूनच घरचं वाटलं. आपल्या लायसनवर पाहुण्याला इथं वर्षभर गाडी चालवता येते, हे मी सांगून पाहिलं, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हणून त्यांनी स्वतःच नको म्हटलं.

ॲपलक्रॉसला जाणारी 'बेलाख ना बा' ही खिंड मात्र त्यांना फार मोहात पाडत होती. गेलिक भाषेत तिचा अर्थ गुरांची खिंड. समुद्रसपाटीपासून एकदम ६२६ मीटर चढ, पाचास एक असा उतार, घाटासारखी गोल वळणं. पायथ्याच्या पाटीवरच लिहिलंय की हिवाळी हवामानात हा रस्ता बहुतेक वेळा बंद असतो. त्यांनी ती पाटी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि नकाशावर त्या खिंडीभोवती एक गोल काढला. खोडलं नाही. "मे महिन्यात येईन कधीतरी," म्हणाले. मे महिना त्यांना मोकळा मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग राहिलं काय? २७ डिसेंबरला लीड्सहून स्टर्लिंग, कारण एका दिवसात फोर्ट विल्यम गाठायचं म्हणजे पाचशे किलोमीटर आणि शेवटचा टप्पा हमखास अंधारात. २८ ला उजेडात लॉख लोमंडचं सरोवर, रॅनॉक मूरचं ओसाड पठार आणि ग्लेन्कोची दरी. तीन रात्री फोर्ट विल्यमजवळ एकाच घरात. आणि दोन रात्री स्काय बेटावर.

स्कायसाठी मी हटून बसले. सहा कोटी वर्षांपूर्वी तिथं लाव्हाचे थरावर थर पसरले. आपला सह्याद्री झाला साडेसहा कोटींच्या आसपास. दोन्हीकडे तोच काळा कातळ, तेच पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, उभ्या खांबांचे कडे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जसे दगडी खांब दिसतात तसे स्कायच्या समुद्रकड्यांना दिसतात. क्विरेंगचा डोंगर तर अजूनही तसूतसूनं सरकतो आहे. पंधरा वर्षं या देशात राहून मला पहिल्यांदा घरच्यासारखा डोंगर दिसला तो स्कायच्या फोटोत. आबांना तो दाखवायचाच होता. त्यासाठी मी इनव्हरनेस, लॉख नेस सगळं सोडलं. बेटावर जायला १९९५ पासून पूल आहे, पण जोराचा वारा सुटला की तो उंच गाड्यांना बंद करतात. म्हणून ३१ तारखेला वाऱ्याचा पिवळा इशारा असेल तर आम्ही फोर्ट विल्यमलाच राहायचं, घराचे पैसे गेले तरी, हे आत्ताच ठरवून टाकलं आहे. त्या सकाळी घासाघीस करायची नाही.

सुट्ट्यांचं एक गणितही बाहेरच्यांना माहीत नसतं. १ जानेवारी सगळीकडे बंद असतोच, पण स्कॉटलंडमध्ये २ जानेवारीलाही सुट्टी असते. हायलँड्समधली कितीतरी खाणावळी तर ऑक्टोबर सरला की थेट ईस्टरपर्यंत दारं लावून घेतात. म्हणून दोन्ही घरं चूल असलेली घेतली. भाजणी, मेतकूट, आबांनी आणलेली तांदळाची पिठी, मसाला, मुगाची डाळ हे डब्यांत भरून झालंय. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं. गाडीत फावडं, विजेरी, थर्मास, आणि मागच्या सीटवर आबांची घोंगडी. मी जाड जॅकेट घेऊन दिलं तरी घोंगडी ते सोडत नाहीत, आणि लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. सुती कपडे मात्र मी सगळ्यांचे काढून ठेवायला लावले. एकदा ओले झाले की इथल्या हवेत ते वाळत नाहीत आणि अंगातली ऊब शोषत राहतात.

गाडीच्या काचेवरून मात्र आमची थोडी जुंपली. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी मी खाली आले तर आबा गाडीपाशी उभे, हातात वाफाळतं पाणी भरलेलं पातेलं. समोरच्या काचेवर बर्फाची जाड साय, नेच्याच्या पानांसारखी नक्षी. मी ओरडले तेव्हा पातेलं कलतं झालंच होतं. गोठलेल्या काचेवर कढत पाणी पडलं तर काच तडकते. मी त्यांच्या हातात खरवडणी दिली. ते काचेच्या एका कोपऱ्यातून लागले, शेत नांगरावं तसे एकसारखे पट्टे काढत. निघालेला बर्फ हातमोज्यावर घेऊन त्यांनी बघितला, बोटांत चुरला. मग आत बसल्यावर काच आतून धुरकटली. आबांनी सवयीनं रुमाल काढला. घाटात पावसाळ्यात ते काचेवर तंबाखू चोळायचे, म्हणजे वायपर बंद पडला तरी पाणी धरत नाही. मी गरम हवा आणि एसी दोन्ही एकदम लावलं. एवढ्या थंडीत एसी, म्हणून ते बघत राहिले. एसी हवेतली ओल काढून घेतो आणि गरम हवा काच सुकवते. खालून वर धुकं मागं सरत गेलं आणि रस्ता दिसायला लागला. आबा म्हणाले, "हे आमच्या वेळेला पाहिजे होतं."

टायर आम्ही बारमाही प्रकारचे बसवून घेतले. इथं हिवाळी टायरची सक्ती नाही, पण सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं. नक्षीची खोली कायद्यानं १.६ मिलिमीटर लागते. आबांनी अंगठ्याचं नख घालून चारही टायर स्वतः तपासले. बर्फावर गाडी थांबायला नेहमीच्या दहापट अंतर लागू शकतं, हे इथल्या वाहतुकीच्या पुस्तकात लिहिलंय, ते वाचून दाखवल्यावर त्यांनी मला दोनदा विचारलं, "दहा?"

गेल्या रविवारी आम्ही रंगीत तालीम केली. लीड्सहून स्किप्टन, तिथून ग्रासिंग्टनवरून व्हार्फ नदीच्या खोऱ्यात वर. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्ये निमूळता रस्ता, कुरणात ओली मेंढरं. जाताना आबांचा पाय प्रत्येक वळणाला मॅटवर दाबला जात होता. पुलावर चढण्याआधी ते "हळू" म्हणाले. पूल खालूनही गार होतो, म्हणून तिथं आधी गोठतं, हे त्यांनी कुठून तरी ऐकून ठेवलं होतं. बकडनला थांबलो, चहा घेतला. पुढं फ्लीट मॉसचा चढ आहे, ५८९ मीटरपर्यंत जाणारा. चढाच्या तोंडाशी पिवळी पेटी होती, रस्त्यावर टाकायचं मीठ भरलेली. लेकीनं झाकण उघडून बघितलं. वर डोंगराच्या खांद्यावर पांढरं दिसत होतं. मी घड्याळ बघितलं, दोन वाजून दहा मिनिटं. दीड तास उजेड होता, वर जाऊन परत यायला पुरला असता असं मन सांगत होतं.

मी गाडी वळवली. आबा काही बोलले नाहीत.

परतताना स्मर सुरू झाला. वायपर मधल्या टप्प्यावर, दिवे लावलेले, समोरून येणारा एक शेतकरी ट्रॅक्टर बाजूला घेऊन थांबला तसा मी हात वर केला. स्किप्टनच्या अलीकडं एक उतार आहे, वळणावळणाचा. तिथं मी गिअर खाली घेतला आणि सवयीनं आबांच्या पायाकडं नजर टाकली. पाय मॅटवर सपाट होता. पुढच्या वळणालाही हलला नाही. मला वाटलं ते खोऱ्याकडं बघताहेत. मग लेकीनं मागून माझ्या खांद्याला हात लावला आणि ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडं खूण केली. आबांची मान खिडकीकडं कलली होती, घोंगडी गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं, आणि काचेवर त्यांच्या श्वासाचा एक गोल उमटत होता, पुसत होता.

मी गरम हवा त्यांच्या बाजूला थोडी वाढवली.